मला न झालेला आजार

"तुम्हाला फिट्स येत नाहीत. त्या दिवशी तुम्ही नुसते बेशुद्ध पडलात," न्यूरॉलॉजिस्ट बाई म्हणाल्या आणि त्यांनी एका आलेखाचा कागद माझ्यापुढे सरकवला. "ह्याला व्हॅसोव्हेगल सिंकोपी म्हणतात."

नाव ऐकून मी पुन्हा आडवा व्हायच्या बेतात होतो. बाईंनी मग समजावलं. काही माणसांत ऊन, उपास, खूप वेळ उभं राहणं असं काही जमून आलं की एक नस गरजेपेक्षा जास्त तत्परता दाखवते. ठोके मंदावतात, रक्तदाब कोसळतो, मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं आणि माणूस खाली येतो. आडवा झाला की रक्त परत मेंदूकडे जातं आणि तो डोळे उघडतो. "म्हणजे पडणं हाच ह्याचा इलाज," त्या म्हणाल्या. "पाणी भरपूर प्या, उपास करू नका, चाहूल लागली की लगेच आडवे व्हा. गाडी चालवायला माझी हरकत नाही."

हे शेवटचं वाक्य ऐकायला मी आणि माझी बायको मंजिरी तीन आठवडे थांबलो होतो. माझा जीव भांड्यात पडला. खाली कँटीनमध्ये जाऊन मी दोन प्लेट पोंगल खाल्लं.

आजार तिथे संपला. पण जो आजार मला झालाच नव्हता, त्यातून बरं व्हायला पुढे दोन महिने लागले. तो भाग मुद्दाम लिहितो आहे, कारण तो कुणाच्याही वाट्याला येऊ शकतो.

मी मूळचा चाळीसगावचा. नोकरीसाठी चेन्नईला येऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. इरुंगाट्टुकोट्टैला ब्रेक बनवणाऱ्या एका कारखान्यात मी टेस्ट ड्रायव्हर-इंजिनिअर होतो. गाडी वेगात न्यायची, करकचून थांबवायची, आकडे लिहायचे, पुन्हा न्यायची. ह्या कामाचे पैसे मिळतात ह्याचंच मला कधीकधी नवल वाटायचं. पण अपस्माराच्या माणसाला गाडी चालवायला मनाई असते आणि ते योग्यच आहे. म्हणून तो एक शब्द माझ्या नावापुढे लागणं म्हणजे माझं काम जाणं होतं.

तो मे महिना होता आणि संकष्टी होती. मंजिरीने डब्यात साबुदाण्याची खिचडी दिलेली, ती मी घाईत घरीच विसरलो. कारखान्याच्या कँटीनमध्ये सांबार-भाताशिवाय काही नव्हतं. चंद्रोदयापर्यंत काढू कसंबसं, असं म्हणून नुसती कॉफी पीत राहिलो. दुपारी ट्रॅकवर दीड तास उन्हात उभा होतो. आधी जांभया आल्या, मग कान गच्च झाले, शर्ट घामाने भिजला आणि समोरची गाडी लांब लांब जायला लागली. तेव्हाच खाली बसायला हवं होतं. पण चार माणसांत बसायचं कसं, ह्या शरमेने मी उभाच राहिलो.

पडल्यावर माझे हात काही क्षण झटकले गेले म्हणे. मेंदूला रक्त कमी पडलं की साध्या बेशुद्धीतही असं होतं, हे मला नंतर कळलं. आमचा टेक्निशियन सेल्वम शेजारीच होता. आमच्याकडे फिट आलेल्या माणसाला कांदा हुंगवतात, इकडे त्याच्या हातात लोखंड देतात. सेल्वमने टेस्ट गाडीच्या किल्ल्यांचा जुडगा माझ्या मुठीत कोंबला आणि माझी बोटं त्यावर मिटवली. "वलिप्पु, वलिप्पु," तो ओरडत होता. वलिप्पु म्हणजे फिट.

मी मिनिटाभरात शुद्धीवर आलो, पण घाबरून तो जुडगा सोडला नाही. शहरातल्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत पोचलो तेव्हाही किल्ल्या मुठीतच होत्या. तिथल्या तरुण डॉक्टरने आधी माझी मूठ पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "पूर्वी कधी फिट आली होती?" मी नाही म्हणालो. शेवटचं कधी जेवलात, हे त्याने विचारलं नाही आणि संकष्टीबद्दल मीही सांगितलं नाही. कोणीही कॅज्युअल्टीत गेलात तर हे आधी सांगा, आणि ज्याने तुम्हाला पडताना पाहिलं त्याला बरोबर न्या. फक्त त्याने पाहिलं ते सांगावं, त्याचा अर्थ डॉक्टरांनी लावावा.

मग तपासण्या सुरू झाल्या. ईईजी, म्हणजे डोक्याला लेप लावून वायरी चिकटवतात आणि मेंदूतल्या विजेची रेघ काढतात. केस धुवून, तेल न लावता जायचं असतं. मग एमआरआय, म्हणजे लोखंडी पिंपात निजून हातोड्यांचा आवाज ऐकायचा. दोन्ही चांगले आले. शेवटी न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी टिल्ट टेस्ट करायला लावली. पट्ट्यांनी बांधून पलंगच उभा करतात आणि बघत राहतात. विसाव्या मिनिटाला मला जांभया सुरू झाल्या आणि थोड्याच वेळात मी रीतसर बेशुद्ध पडलो. नापास होऊन पास झालेली ही माझी एकच परीक्षा.

कामावर परत घेण्यासाठी कारखान्याच्या डॉक्टरांनी हॉस्पिटलचा सारांश मागितला. हॉस्पिटलात तेव्हा नुकतेच कॉम्प्युटर आले होते. खिडकीवरच्या मुलीने बटण दाबून कागद हातात दिला. पहिल्याच ओळीत छापलं होतं : एपिलेप्सी, जी चाळीस. म्हणजेच अपस्मार, आणि पुढे कॉम्प्युटरमधला त्याचा कोड.

कारखान्याच्या डॉक्टरांना मी न्यूरॉलॉजिस्ट बाईंचं पत्रही दाखवलं. ते भले गृहस्थ होते. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाले, "एकाच हॉस्पिटलचे दोन कागद भांडताहेत. त्यांचं भांडण आधी मिटवून आणा. तोपर्यंत गाडी नाही." मला स्टोअरमध्ये बसवलं. खिडकीतून ट्रॅक दिसायचा आणि टायरांचा आवाज यायचा. मी नट-बोल्टांच्या याद्या तपासत बसायचो. मला फार वाईट वाटायचं, घरी चिडचिड व्हायची, आणि ती सगळी मंजिरीवर निघायची. हे आज कबूल करतो.

हॉस्पिटलच्या खिडकीवर एकच उत्तर मिळे, "सिस्टमला इरुक्कु, सार." सिस्टममध्ये आहे, म्हणजे खरंच असणार. न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी माझ्यासमोर सिंकोपीचा कोड, आर पंचावन्न, घातला. तो दुसऱ्या ओळीत जाऊन बसला. पहिली ओळ हलेना. करायला गेलो काय आणि झालं काय, आता मला एकाऐवजी दोन आजार झाले! जुनी नोंद काढायचा अधिकार फक्त रेकॉर्ड विभागाला होता.

तो विभाग जिन्याखाली होता. छताला टेकतील एवढे फायलींचे गठ्ठे, आणि त्यांच्यामध्ये पन्नाशीच्या एक बाई. मंजिरी मला कुजबुजत म्हणाली, "इथेही काही व्हायचं नाही." त्यावर त्या बाई मान वर न करता मराठीत म्हणाल्या, "होईल हो. बसा तरी."

त्या सुलोचनाबाई, तंजावरच्या. त्यांची मराठी जुन्या पोथीतली आणि चाल तमिळ. त्यांच्यापुढे एक लांबलचक यादी होती. न्यूरॉलॉजी विभागाला अपस्माराच्या सगळ्या रुग्णांना फेरतपासणीला बोलवायचं होतं, म्हणून कॉम्प्युटरला जी चाळीस विचारून ती काढली होती. ती यादी खरी किती, हे त्या एकेक कागदी फाईल उघडून ताडत होत्या. माझं नाव त्यात होतंच.

"डॉक्टराने तुम्हांस रोग आहे म्हणून लिहिला नाही," त्या म्हणाल्या. "कोड घातल्यावांचून हे यंत्र ईईजीची चिठ्ठी देत नाही. मग जो संशय, तोच कोड घालतात. परीक्षा झाली, संशय गेला, कोड राहिला. अय्यो, असे पुष्कळ आहेत."

त्यांनी मला दोन ढीग दाखवले. पहिल्यात माझे भाऊबंद, आजार नसून यादीत आलेले. दुसरा ढीग त्यांनी फिट्सच्या गोळ्यांच्या नोंदींवरून शोधून काढला होता, आजार असून यादीत न आलेल्यांचा. त्यातल्या वरच्या फाईलची बाई कितीतरी वर्षं फिट्सच्या गोळ्या घेत होती, पण दर वेळी डोकेदुखीची तक्रार सांगायची, म्हणून तिला कोड डोकेदुखीचा लागला होता. यादीत तिचं नावच नव्हतं. तिला कोणी बोलावणार नव्हतं. दोन महिने मी यंत्राच्या नावाने बोटं मोडत होतो. माझं फार तर काम गेलं असतं, तिचं काय झालं असतं हा विचार तेव्हा पहिल्यांदा मनात आला.

"पुरावा काय आहे?" सुलोचनाबाईंनी विचारलं. मंजिरीने पिशवीतून साडीचा खोका काढला. त्यात पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक कागद तारखेप्रमाणे लावलेला होता. ह्या खोक्यावरून मी तिला किती चिडवलं होतं! सुलोचनाबाईंनी टिल्ट टेस्टचा आलेख वेचून घेतला, फॉर्म भरला, वर जाऊन न्यूरॉलॉजिस्ट बाईंची सही आणली आणि स्वतः कळा दाबून जुनी नोंद काढून टाकली. नव्या सारांशात एकच ओळ होती. "आतां वाचा," त्या म्हणाल्या, "आणि पुढेही कधीं न वाचतां कागद घेऊं नका." मी त्यांना वाकून नमस्कार केला, तेव्हा त्या लाजून फायलीत शिरल्या.

तेव्हापासून मी कानाला खडा लावला आहे. हॉस्पिटलचा कागद हातात आला की खिडकीपाशीच पहिली ओळ वाचतो. संकष्टीला आता मंजिरी उपास करते आणि मी मोदक खातो.

कारखान्याच्या डॉक्टरांनी सारांश दोनदा वाचून सही केली. मी ट्रॅकवर गेलो तेव्हा सेल्वम किल्ल्या घेऊन उभा होता. वलिप्पु आपण ओरडलो म्हणून हे सगळं झालं, असं त्याने मनाला लावून घेतलं होतं. दोन महिने त्याने तो जुडगा माझ्यासमोर कधी हातात धरला नव्हता. आता त्याने तो गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि बाजूला झाला.

मी हात पुढे केला आणि म्हणालो, "हातात दे."

तो हसला. त्याने जुडगा माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं आपल्या हाताने त्यावर मिटवली, त्या दिवशी मिटवली होती तशीच. "पोंगा, सार," तो म्हणाला. जा, साहेब. आणि मी गाडीत जाऊन बसलो.