होडीच्या पोटातला रंग

माघातल्या एका रविवारी मी हौसेनं बाबाबरोबर खाडीत गेले आणि अर्ध्या वाटेत आमचा हातपंप तुंबला. होडीच्या तळाशी, पाय ठेवायच्या फळ्यांखाली, थोडंफार पाणी नेहमीच साचतं. ते पंपानं उपसायचं. बाबानं नळी काढून झटकली, तर आतून निळ्या रंगाचे पापुद्रे पडले. मी फळी उचलून खाली हात घातला आणि मूठ भरून तेच वर आले. मग काठाला लागेपर्यंत बाबा वल्हवत राहिला आणि मी तेलाच्या डब्यानं पाणी उपसत राहिले.

“शिमगा झाला का एक हात मारू रंगाचा,” बाबा म्हणाला.

“गेल्या वर्षी मारला होतास ना?”

“मंग? दरवर्षी मारावाच लागतो.”

मला ते काही पटलं नाही. मी राहनाळच्या एका गोदामाच्या ऑफिसात कामाला आहे. दुसऱ्या दिवशी ड्युटी सुटल्यावर घरी न जाता भिवंडीत रंगाच्या दुकानात गेले आणि पिशवीत बांधून नेलेले पापुद्रे काउंटरवर ठेवले. दुकानातल्या म्हाताऱ्या चाचांनी एक पापुद्रा नखानं सोलला. निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली लाल.

“बेटी, ये रंग पे रंग है. नीचे लकडी गीली, ऊपर से तेल. कुछ भी लगाओ, निकलेगा.”

“मग काय करायचं?”

“पूरा खुरचो, नंगी लकडी तक. फिर सुखाओ. और जल्दी मत करो.”

हे घरी सांगितलं तर बाबा उखडला. “माझा जनम होडीत गेला. दुकानात बसून त्याला काय कळतंय? आनि खरवडनार कोन? तुझ्याच्यानं न्हाय व्हायचं, बाय.”

त्या शेवटच्या वाक्यानं माझं ठरलं.

होळी झाल्यावर होडी वर ओढून घेतली. मी तळातल्या फळ्या काढल्या, गरम पाणी आणि साबणानं तेलकट राप धुतला, गोणपाटानं पुसून काढला. मग रोज कामावरून आले की तोंडाला फडकं बांधून अंधार पडेपर्यंत पत्र्याच्या तुकड्यानं रंग खरवडायचा. आतली आडवी लाकडं इतकी जवळजवळ असतात की त्यांच्यामधे हात घालायला कुशीवर पडावं लागतं. आठवड्यात माझी कोपरं सोलवटली. ऑफिसात कीबोर्डवर बोटं वळेनात. बाबा ओट्यावरून बघायचा, जवळ यायचा नाही.

एकदा भुसा झाडायला ब्रश हवा होता म्हणून पडवीत शोधलं. बाबाचा रंगाचा ब्रश सापडला, पण तो हातभर लांब बांबूच्या काठीला सुतळीनं बांधलेला होता. मी तो घेऊन उभी राहिले आणि मग लक्षात आलं. रंगवताना बाबा होडीच्या तळात उतरतच नव्हता. बाहेर उभा राहून, काठीनं, हात पोचेल तिथं रंग फासत होता.

मागे वळले तर तो दारात.

“गुडघा दुमडत न्हाय,” तो म्हणाला. “दोन-तीन वर्सं झाली.”

“मला सांगायचंस ना.”

“सांगितलं असतं तर होडी इकायला लावली असतीस.”

खोटं नव्हतं ते. मी लावलीच असती बहुतेक. मी ब्रशची सुतळी सोडली आणि परत होडीत जाऊन खरवडायला लागले. थोड्या वेळानं बाबा प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन आला आणि होडीला टेकून बसला.

“डाव्या अंगाला बघ. मधल्या लाकडाच्या खाली. तिथं मला शंका हाय.”

तिथला रंग जरा ओरबाडला आणि पत्रा सरळ लाकडात घुसला. फळी हातभर कुजली होती.

गावात होडीचं काम येणारे एकच सुतारकाका उरलेत, आणि ते हल्ली मानकोलीच्या गोदामात माल ठेवायची लाकडी पॅलेट ठोकतात. सुट्टीच्या दिवशी ते आले, अंगठ्यानं फळी दाबून बघितली आणि बाबाला म्हणाले, “वरून झाकत गेलास, पानी आत कोंडलं. अजून एक पावसाळा गेला असता तर भर खाडीत बुडाला असतास.”

काकांनी कुजका भाग कापून नवा तुकडा बसवला, पाणी शिरू नये म्हणून फटीत कापूस ठोकला.

मला वाटलं, आता लगेच रंग लावून मोकळं व्हावं. पण आता बाबा ऐकेना. रोज सकाळी तो होडीत हात घालून तळवा लाकडावर ठेवायचा. “आजून गार लागतंय. थांब.” असं बारा दिवस चाललं. तेराव्या दिवशी म्हणाला, “लाव.”

पहिला हात पातळ करून लावला, लाकडात मुरावा म्हणून. रंग मी पांढरा घेतला. बाबाला निळाच हवा होता, पण पांढऱ्यावर तडा लगेच दिसतो हे त्यानं कुरकुरत का होईना मानलं. तीन हात झाले. दोन हातांमधे पुन्हा थांबणं.

दिवाळीत आम्ही दोघांनी तळाच्या फळ्या उचलल्या. पाण्याखाली रंग शाबूत होता. फक्त मागच्या कोपऱ्यात, जिथं माझा हात नीट पोचला नव्हता, तळव्याएवढा रंग सुटला होता.

“ह्यो कोपरा सुकवावा लागंल,” बाबा म्हणाला.

“सुकवू,” मी म्हणाले, आणि पाणी उपसायला घेतलं.