खंडेनवमीचा पाचवा दाणा

आमच्या जावयाचा लॅपटॉप खंडेनवमीला मीच बंद पाडला आणि मीच सुरू केला. यांपैकी एका गोष्टीबद्दल त्याने मला अजून माफ केलेले नाही.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत लॅपटॉप बघायला शेजारी गोळा व्हायचे, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या अश्विनीच्या लग्नानंतरचा पहिला दसरा. जावईबापू सुहास पुण्याहून आले ते काखेत लॅपटॉप घेऊनच. वाटेत गाडीत काम करून करून त्याची बॅटरी पार संपलेली.

सकाळी मी पाटावर हत्यारे मांडली. विळी, अडकित्ता, कात्री, पाने-पक्कड आणि माझा कॅल्क्युलेटर (मी दूध संस्थेत हिशेबनीस. दुसरे हत्यार मला पेलत नाही). वाटले, जावयाचेच हत्यार बाहेर का? सुहास आंघोळीला गेला होता. मी लॅपटॉप आणला आणि देवाच्या तसबिरीसारखा भिंतीला टेकवून उभा केला.

माझी पूजा चोख असते. प्रत्येक हत्याराला अक्षता पाच. चार नाहीत, सहा नाहीत. कुंकूही योग्य जागीच हवे. विळीला पात्यावर, स्कूटरला किल्लीच्या भोकाशी. लॅपटॉपला कुठे? वरच्या कडेला एक बारीक गोल भोक दिसले. इथूनच हा वीज खातो, म्हणजे हेच तोंड! तोंडाशी ओले कुंकू लावले, त्यावर अक्षता वाहिल्या, झेंडूचे फूल ठेवले. उदबत्तीचा धूर त्याच्या काळ्या पाठीवरून असा अलगद चढत गेला, की मलाच भरून आले.

बारा वाजता पुण्याहून सुहासच्या साहेबांचा फोन. हातातले काम पुरे करून संध्याकाळी सहाच्या आत पाठवा, नाहीतर सोमवारी येऊच नका!

मुलीचा संसार नुकता मांडलेला आणि जावयाची नोकरी माझ्या पाटावर झेंडू लावून उभी!

"पूजेतलं हत्यार आज हलवायचं न्हाई," सौभाग्यवतीने बजावले.

"अगं, त्यांची नोकरी हलायला लागलीया!"

मी देवाची क्षमा मागितली, अक्षता उचलून तबकात ठेवल्या, कुंकू पुसले आणि लॅपटॉप जावयाच्या हाती दिला. सुहासने तो इकडून तिकडून निरखला. वायर जोडली. बटण दाबले. काही नाही. पुन्हा दाबले. काही नाही.

"मामा, सुरू होत नाही," तो शांतपणे म्हणाला. इतका शांतपणे, की मला त्याचा अभिमान वाटला. काय ही स्थितप्रज्ञता!

मी घरातल्या सगळ्या प्लगांना वायर लावून पाहिली. देवघरात, माजघरात, शेवटी मिक्सर काढून ओट्यावर. वायरीवरचा हिरवा दिवा लागायचा, लॅपटॉप ढिम्म. एवढ्यात शेजारचे तात्या आले. तात्या बंद पडलेली कुठलीही वस्तू थापटून सुरू करतात.

"सरका पावणं," ते सुहासला म्हणाले. "आमचा टीव्ही असाच करतोय. दोन ठिवून दिल्या की बोलाय लागतोय."

"तात्या, हात लावू नका!" मी ओरडलो.

"मग उन्हात तरी ठेवा की! थंडी बसली आसंल."

लॅपटॉप गच्चीवर पापडांच्या शेजारी ठेवून झाला. मग मी शाहूपुरीतल्या एका दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"आज?" तो म्हणाला. "आवो, आज खंडेनवमी न्हवं? माझ्या स्क्रू ड्रायव्हरवर फूल हाय! उद्या या, आपट्याची पानं घिऊन."

खरेच होते. साऱ्या कोल्हापुरात त्या दिवशी एक पक्कड जागी नव्हती. सगळी हत्यारे कुंकू लावून झोपलेली, आणि आम्हाला एक जागे करायचे होते!

"बाबा, राहू द्या ना," अश्विनी म्हणाली. तिने नवी साडी नेसून केसांत गजरा माळला होता. संध्याकाळी दोघे रंकाळ्यावर जाणार होते. "नशिबात नसेल तर काय करणार?"

"हो मामा, दैवापुढे काय!" असे म्हणून सुहासने बासुंदीची आणखी एक वाटी घेतली आणि तो झोपला. नोकरी जायची वेळ आली आणि हा माणूस घोरतो! एवढे मोठे मन मी उभ्या आयुष्यात पाहिले नव्हते.

मी मात्र लॅपटॉप पोटाशी धरून झोपाळ्यावर बसलो. दुपार बासुंदीसारखी दाट झाली होती. झेंडूचा वास, खिडकीतून तिरपे आलेले ऊन, त्या उन्हात तरंगणारी धूळ. झोपाळ्याची कडी कुरकुरत होती, आणि तिच्या तालावर माझे डोळे मिटले. स्वप्नात आमची हत्यारे एकामागून एक माझ्या टेबलासमोरून चालली होती. विळी आली, डोक्यावर पाच दाणे. बरोबर! अडकित्ता लाजत लाजत आला. पाच. बरोबर! कात्री, पक्कड, सगळ्यांचे पाच. शेवटी लॅपटॉप आला, मान खाली घालून. चार!

मी ताडकन उठलो. पूजेतून उचलताना तबकात चारच दाणे ठेवले होते! मग पाचवा?

"अश्विनी, केसातला आकडा दे!"

"बाबा, गजरा सुटेल..."

"नवऱ्याची नोकरी सुटतीया आणि तुला गजऱ्याचं पडलंय?"

तिने आकडा दिला. गजरा घसरून खांद्यावर आला. मी श्वास रोखून लॅपटॉपच्या त्या तोंडात आकडा घातला, हलकेच फिरवला, आणि कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा टपकन माझ्या तळहातावर पडला! वायर आता आतपर्यंत बसली. बटण दाबले. लॅपटॉप निळाभोर उजळला.

"सुरू झाला! जावईबापू, उठा! नोकरी वाचली!"

तात्यांनी टाळ्या वाजवल्या. सौभाग्यवतीने मीठमोहरी ओवाळली. सुहास उठून बसला आणि पडद्याकडे बघत राहिला. आनंदाने त्याचा चेहरा पडतो, हे मला त्या दिवशी समजले.

काम सहाच्या आत गेले. साहेब इतके खूश झाले, की त्यांनी लगेच दुसरे दिले. तेही आजच हवे होते. बाहेर दिवे लागले, रंकाळ्यावर वारा सुटला असणार, आणि जावई आमच्या ओट्याशेजारी, मिक्सरच्या प्लगापाशी टकटक करत बसला. अश्विनी गजरा हातात घेऊन माझ्याजवळ आली.

"बाबा, त्यांना तो दाणा बारा वाजताच दिसला होता."

"मग बोलला का नाही?"

"लग्नानंतरची पहिली सुट्टी होती हो!"

आता दर खंडेनवमीला सुहास आंघोळीच्या आधीच लॅपटॉप स्वतःच्या हाताने पाटावर आणून उभा करतो, भोक वर करून. "मामा, पाचच का? जरा सढळ हातानं टाका की!" म्हणतो. पण हिशेब म्हणजे हिशेब. मी अजून पाचच टाकतो. फक्त हल्ली टाकताना भक्तिभावाने डोळे मिटून घेतो.