गुळाचा खडा आणि कार्बोरेटर

माझ्या धाकट्या दिरांइतका यंत्राशी गोड आणि माणसाशी तिरका बोलणारा माणूस राहुरी तालुक्यात दुसरा झाला नाही. शेजारच्या तालुक्यात झाला असेल तर त्यानं तोंड लपवून दिवस काढले असतील. चहा गार झाला तर भावजी सगळ्या घराचा उद्धार करायचे, पण सकाळी गाडी रुसली की तिच्या बोनेटवर हात फिरवून विचारायचे, "का गं, रातीला थंडी वाजली व्हय?" आमच्या दोन्ही घरांत मिळून ती एकच पांढरी, छोटी गाडी. ती सुरू करणं हा एक विधी होता. चोक जरासा ओढायचा, ॲक्सिलरेटर दाबायचा, हवेत नाक वर करून पेट्रोलचा वास घ्यायचा, मग डोळे मिटून किल्ली फिरवायची. तरी ऐकली नाही तर कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल हवेत कालवून इंजिनाला पाजणारं ते भांडं, उघडायचं आणि त्यातला बारीक भोकाचा इवलासा जेट काढून तोंडानं फुंकायचा. तोंडाची पेट्रोलची चव जावी म्हणून सदऱ्याच्या खिशात कायम गुळाचा खडा. त्यामुळे भावजी जिथं बसत तिथं थोड्या वेळानं मुंग्याही येत. एका लग्नात नवरदेवाची गाडी मांडवाच्या दारातच अडली. मंगलाष्टकं चालू असताना हे बोनेटमध्ये डोकं घालून उभे, आणि निम्म्या अक्षता कार्बोरेटरवर. "त्याचंबी लगीन लागलं," म्हणाले, आणि जेट फुंकला.

माझं दुखणं वेगळंच होतं. माहेर कोल्हारला, आई एकटी, डोळ्यांनी अधू. मनात आलं की उठून तिच्याकडे जाता यावं म्हणून मी चाळिशी उलटल्यावर हट्टानं गाडी शिकले. पण गाडी ऐकायची फक्त भावजींचं. ते नेतील तेव्हा जायचं, आणि आईशी बोलणं रंगात आलं की बाहेरून हाक यायची, "चला वैनी, इंजिन गार व्हायच्या आत निघू." माझ्या माहेरपणाचा वेळ त्या कार्बोरेटरच्या तापावर ठरत होता.

नव्वदचं दशक संपता संपता प्रवरेच्या पुलावर इंजिननं प्राण सोडला. नगरच्या मेकॅनिककडे याच गाडीला बसतील अशी दोन इंजिनं होती, एक कार्बोरेटरचं आणि एक नव्या फ्युएल इंजेक्शनचं. मग घरात जे पेटलं ते विचारू नका. मी तेव्हा पेपरच्या पुरवणीतल्या अर्ध्या पानाच्या जोरावर शहाणी झालेले. "त्यात कॉम्प्युटर पेट्रोल मोजून देतो," हे मी भाजीवालीलासुद्धा समजावलं होतं. कॉम्प्युटर मी पाहिला होता एकदाच, बँकेत, तोही प्लॅस्टिकचं झबलं घातलेला.

भावजी म्हणाले, "वैनी, कार्बोरेटर म्हंजी घरची गाय. वळखीनं दूध देती. तुमचं ते विंजेक्शन बिघडलं तर फुकायचं कुठं?"

"फुंकायला लागूच नये म्हणून तर आणायचं," मी म्हणाले. "किल्ली फिरवली की सुरू. कुणाची वाट बघायला नको."

"कुनाची म्हंजी माजीच ना?"

"तुमचीच. माझ्या आईला भेटायला मला गाडीची मर्जी सांभाळावी लागते, वर तुमची."

भावजींनी गूळ तोंडात टाकला आणि उठून गेले. मी मनात विजयाचं ताट वाढून बसले होते, त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची अक्कल कुठली?

आठवड्यानं गाडी आली ती इंजेक्शनची. भावजींनी स्वतःच बसवून आणली, आणि जुना कार्बोरेटर रॉकेलनं धुऊन फळीवर ठेवला. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू आणि झेंडू मिळाला. नव्या कॉम्प्युटरच्या डबीला नुसता कटाक्ष.

मी सुटले. वाटेल तेव्हा कोल्हार, वाटेल तेवढं बसणं. आई म्हणायची, "आज बाहेरून हाक कशी न्हाई आली?" इकडे भावजी मात्र रोज सकाळी यायचे, बोनेट उघडायचे, आत बघायचे आणि मिटायचे. फुंकण्यासारखं काही नव्हतंच. मग एके दिवशी लक्षात आलं की त्यांच्यामागे मुंग्या येत नाहीत. खिशात गूळच नव्हता.

ते काही मला बघवेना. दुसऱ्या दिवशी गिरणीतून दळण घेऊन गाडीनं आले, गाडी दारात लावली, पिठाचा डबा आत लपवला आणि हाक मारली, "भावजी, गाडी सुरूच होईना हो." ते उलटसुलट चपला घालून धावले. बोनेट उघडलं, कशाचं तरी झाकण ठोकलं, एक वायर दाबली. "मारा आता." गाडी सुरू झाली, न होऊन सांगते कुणाला? "विंजेक्शन झालं तरी मानसाचा हात लागतोच," असं म्हणून ते जे ताठ चालत गेले! संध्याकाळी ओट्यावर मुंग्या परत. त्यानंतर दर थोड्या दिवसांनी माझी गाडी नेमानं बिघडत राहिली, कधी दळणानंतर, कधी बाजारानंतर.

भावजी शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा गाडी केव्हाच विकली होती. मी उशाशी बसले होते. ते म्हणाले, "वैनी, खरं सांगा, ती कदी बिघडली हुती का?"

"लई वेळा. तुम्ही होतात म्हणून निभावलं."

"मंग तुमी हाक मारायच्या तवा बोनेट गरम कसं असायचं?"

त्यांनी उशीखालून गुळाचा खडा काढला, अर्धा मोडून माझ्या हातावर ठेवला. मुंग्या लागलेल्या होत्या. मी त्या झटकल्या आणि खाल्ला.