दादाची कुस्ती, शिदगोंडाची ढाक आणि माझे साठ रुपये

आणि आमच्या दुकानातला श्रीपती म्हणतो ते साफ खोटं आहे. मी दादाच्या कुस्तीवर जळत नाही. दिवसभर भट्टीपुढं बसून जळायचंच काम करतो, संध्याकाळी पुन्हा फुकटात कोण जळेल? मी एवढंच म्हणतो, आणि दोन वर्षं म्हणतोय, की माधवनगरचा शिदगोंडा माझ्या सख्ख्या भावापेक्षा चांगला पैलवान आहे. त्यावर श्रीपतीचं उत्तर ठरलेलं. "घरचा पैलवान सोडून परक्याची हलगी वाजवतोस, लाज हाय का रं?" लाज आहे. पण साठ रुपयेही आहेत.

नव्या मुलांसाठी सांगतो. ही वही कोइमतूरच्या सगळ्या मराठी गलाई दुकानांत फिरते. गावाकडं जो जाऊन येतो त्यानं आपला प्रवास लिहायचा, म्हणजे पुढच्याला उपयोग होतो. मी पाचवीतनं बाहेर पडलोय, तेव्हा ज्यांना ऱ्हस्वदीर्घ तपासायचं असेल त्यांनी पान उलटावं. सोनं-चांदी गाळायच्या ह्या धंद्यात मला घातलं ते दुष्काळाच्या साली. घरात दोन मुलगे. एकाला माती मिळाली, एकाला भट्टी. थोरला विष्णू, म्हणजे दादा, उंब्रजच्या तालमीत गेला. पैलवानाला खुराक लागतो, म्हणजे दूध, तूप, बदाम, मटण. खुराकाला पैसा लागतो. आणि पैशाला मी लागतो. पगार एकशेदहा, त्यातले साठ दर महिन्याला मनिऑर्डरनं उंब्रजला. सहा वर्षं झाली. दादाचे दंड बघून लोक म्हणतात, काय शरीर कमावलंय! कमावलंय कुणी, हे कुणी विचारत नाही.

फाल्गुनात दादाचं पत्र आलं. चार ओळी, त्यातल्या दोन खुशालीच्या. "चैत्रात माधवनगरला शिदगोंडाबरोबर जोड ठरली हाय. येऊन बघ. मोठ्या मैदानात तू मला कवाच बघितला न्हाईस."

हे मात्र खरं होतं. मी गाव सोडलं तेव्हा दादा नारळावर कुस्त्या धरायचा. शिदगोंडाला बघितलं तेही एकदाच. दोन वर्षांमागं मिरजेला गाडी चुकली, दुसरी यायला दिवस होता, म्हणून मैदानात जाऊन बसलो. उभ्या उभ्या त्यानं समोरच्याची मान बगलेत धरली, पाय मागून घातला, आणि तो गडी आभाळ बघत पडला. सगळं मिळून दोन मिनिटं. ह्याला ढाक म्हणतात. त्या दिवसापासून मी शिदगोंडाचा. माणसं देवाला यापेक्षा कमी पुराव्यावर मानतात.

बारा दिवसांची रजा काढली. मालकांनी हसत दिली आणि हसतच पगार कापला.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी: कोइमतूरहून बंगळूर एक गाडी, बंगळूरहून मिरज दुसरी. दुसरी लहान रुळाची, तिला घाई नसते. खिडकीशी बसू नका, डोळ्यांत कोळसा जातो. हुबळीला इडली मिळते, पण इडलीला कंटाळून निघालेल्या माणसानं ती बघूसुद्धा नये. मिरजेत गाडी बदलून कराडला उतरा. स्टेशनाचं नाव कराड आहे, कराड तिथं नाही. टांगेवाला गावात न्यायचा रुपया मागतो, बारा आण्यांवर येतो. पुढं उंब्रजला एसटी, ती हायवेवर सोडते. कोइमतूरपासून उंब्रजपर्यंत चाळीस रुपये धरून चाला.

मी पेटी घेऊन तडक तालमीत गेलो. दादा कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कडेला बसला होता. डाव्या गुडघ्याला हळदीचं फडकं बांधलेलं, हातात पितळेचा तांब्या. मला बघून हसला आणि तांब्या तोंडाला लावला. शेरभर दूध. मी घोट मोजले. माझा अर्धा दिवस दादानं सहा घोटांत संपवला आणि मिशी पुसली.

"हणम्या, लय वाळलास रं," दादा म्हणाला.

"तिकडं खुराक न्हाई," मी म्हणालो.

गेनू वस्ताद खो खो हसले. त्यांच्याच हाताखाली दादा तयार झाला. सत्तरी गाठलेली, दोन्ही कान माती खाऊन वाळल्या अंजिरासारखे झालेले. तालमीच्या भिंतीवर हार घातलेल्या पैलवानांचे फोटो होते. मी विचारलं, ह्यातले आता काय करतात? वस्ताद काठीनं दाखवत गेले. "ह्यो वारला. ह्यो रातची जागल करतोय. ह्यो साखर कारखान्यात काटंवाला. ह्यो बी वारला." मग शेवटच्या रिकाम्या खिळ्यावर काठी ठेवली. "आन् हितं तुझा दादा." मोठं आशादायक भविष्य होतं.

माधवनगरच्या आधी सरावाला म्हणून वाईजवळच्या एका जत्रेत दादाची कुस्ती होती. उंब्रज ते सातारा एसटी, साताऱ्यात अर्धा तास मिळतो, तेवढ्यात कंदी पेढे घ्या. पावशेर घेतले की त्यातले चार वाईपर्यंत टिकतात. वाईला घाटावर पाय धुऊन, तिथून जत्रेच्या गावी बैलगाडीतून गेलो. मैदानाचं तिकीट जमिनीवर बसायचं एक रुपया, खुर्ची पाच. मी पैलवानाचा भाऊ, म्हणून मला उभं राहायची फुकट सोय होती.

आता दादाची कुस्ती कशी असते ते सांगतो. हलगी वाजते, शड्डू ठोकतात, सलामी होते, आणि मिनिटभरात दादा गुडघ्यावर आणि हातांवर खाली बसतो. मग तसाच बसतो. समोरचा पाठीवर चढून ढकलतो, ओढतो, मानेवर कोपर घासतो, घामानं भिजतो. दादा आपला बसलेला. पंधरा मिनिटं झाली. पंचवीस झाली. माझ्यापुढं दोन म्हातारे बसले होते. एकानं भाकरी सोडली.

"आवं पाव्हणं, ह्यो पैलवान हाय का मैलाचा दगड?"

"मैलाच्या दगडावर निदान आकडा तरी असतोय."

"कुठला म्हणायचा?"

"उंब्रजचा म्हणं."

त्यांनी मागं वळून मला विचारलं, "तुमी कुठलं?" मी म्हणालो, "कोइमतूर."

पस्तिसाव्या मिनिटाला मी उठलो आणि उसाचा रस प्यायला गेलो. पंचवीस पैसे, लिंबू मागितलं तर मिळतं. ग्लास तोंडाला लावला आणि मागून एकदम गलका उठला. धावत आलो तर दादा कुणाच्या तरी खांद्यावर होता आणि तो साताऱ्याकडचा दांडगा गडी उताणा.

"काय झालं?"

"घिस्सा मारला की! डोळ्याचं पातं लवलं न्हाई तवर पाठ लावली!" भाकरीवाला म्हातारा उभा राहून फेटा उडवत होता. "असा पैलवान व्हनं न्हाई!"

सहाशे मैलांवरून मी जे बघायला आलो होतो ते झालं, आणि मी त्या वेळी लिंबू पिळून घेत होतो.

परतीच्या एसटीत मी गप्प बसायला हवं होतं. पण मला रस सांडला म्हणून राग, आणि कुस्ती चुकली म्हणून जास्त राग.

"दादा, एकदा तरी उभा ऱ्हाऊन लढ की. तुझ्या कुस्तीत माणसं उठून रस प्यायला जात्यात."

"कोण गेलं?"

"लोकं."

दादानं माझ्या सदऱ्यावरचा रसाचा डाग बघितला. उंब्रजपर्यंत खिडकीतून ऊस बघत बसला.

चार दिवसांनी आम्ही सांगलीला गेलो. कराडहून इस्लामपूरमार्गे एसटी, रस्ता बरा आहे, गाडी बरी नाही. स्टँडवर भडंग घेतला, तिखट आणि फक्कड, परत जाताना दुकानासाठी दोन शेर बांधून घ्यावा असा. माधवनगरला टांगा, माणशी आठ आणे. शिदगोंडा तिथल्या कापडाच्या गिरणीत कामाला आहे, त्यामुळं मैदानाला सगळी पाळी लोटलेली. मी खुशीत होतो. दोन वर्षांच्या वादाचा निकाल लागणार, आणि माझ्या बाजूनं.

मैदानामागच्या खोलीत दादा लंगोट चढवत होता. कमिटीचा एक माणूस आला, कानात अत्तराचा बोळा. वस्तादांना बाजूला घेऊन म्हणाला, पण ऐकू सगळं येत होतं. "वस्ताद, गुडघ्याचं कळलंय आमाला. अर्धा तास खाली बसू द्या त्यास्नी. आमी बरोबरीत सोडवतो. इनाम निम्मं-निम्मं, नाव बी दोघांचं ऱ्हाईल."

वस्तादांनी मान हलवली. "विष्णू, ऐक. उभ्यानं झटका बसला तर गुडघा जागा सोडील. डॉक्टर म्हणला न्हवं, आता गेला तर गेलाच? खाली बस आपला. तसंच दोन वर्सं निभावलंय."

दोन वर्षं. म्हणजे जितकी वर्षं मी दुकानात शिदगोंडाची हलगी वाजवत होतो तितकीच. त्या हळदीच्या फडक्याला मी पैलवानी शौक समजलो होतो.

दादानं लंगोटाची गाठ मारली. "बरोबरी नको. निकाली होऊ द्या."

"आरं, कुणाला दाखवायचंय?"

दादानं हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं. "ह्यो सहा वर्सं पैसं भरतोय. बरोबरी बघायला आलाय व्हय त्यो?"

मी म्हणालो, "दादा, बस की खाली. मी आपलं उगीच बोललो."

"तू रस पिऊन ये," दादा म्हणाला, आणि हसत बाहेर गेला.

ह्या वेळी मी जागचा हललो नाही. सलामी झाली. एक मिनिट झालं, दोन झाली, दादा उभाच. माझा दादा, मैलाचा दगड, शिदगोंडाच्या अंगावर चालून जात होता. दस्ती ओढली. पट काढला. चौथ्या मिनिटाला शिदगोंडा एका खांद्यावर आला आणि गिरणीवाल्यांची तोंडं बंद झाली. त्या शांततेत एकच माणूस "दादा! दादा!" करून बोंबलत होता. बाजूच्यानं मला सांगितलं, "गड्या, कानात नको, म्होरं वरड." तेव्हा मला कळलं की तो मीच.

सातव्या मिनिटाला मान बगलेत गेली, पाय मागून आला. दादाचा डावा पाय जमिनीला धरून राहायला हवा होता. नाही राहिला. मला ती ढाक पाठ होती, दोन वर्षं दुकानात मीच सगळ्यांना करून दाखवली होती. दादा आभाळ बघत पडला.

तर श्रीपती, वाद मी जिंकलो. लिहून ठेव.

खोलीत शिदगोंडा आला. अंगावर माती तशीच. दादाच्या पायाशी बसून त्यानं स्वतःच्या फेट्यानं गुडघा आवळून बांधला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "भाऊ काय तुमी? ह्येनी खाली बसले असते न्हवं, तर दिवस मावळला तरी माझ्या हातनं उलटले नसते बघा. गेल्या साली मी बाहेर बसून बघितलोय ह्येंची कुस्ती. तवापासनं भ्यालो हुतो की." मला आवडलेला पैलवान मैदान न सोडता दादाची कुस्ती बघत बसला होता. त्याला मधे तहान लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी उंब्रजला दादानं तालमीतल्या मारुतीपुढं नारळ फोडला आणि लंगोट खुंटीला टांगला. त्यानं फार काही केलं नाही. लंगडत बाहेर आला आणि म्हणाला, "पुढल्या म्हैन्यापासनं पैसं धाडू नकोस. कारखान्यात वॉचमन घेत्यात. तू आता दोन कापडं शिव, अंगाला काय तरी लाव." सहा वर्षं मी हेच ऐकायची वाट बघत होतो. ऐकलं, आणि पेटी उचलली.

एसटीची वाट बघताना वस्तादांनी मला झाडाखाली घेतलं.

"विष्णूचं ऐकू नगंस. खुराक असा एकदम तोडत न्हाईत. जोर बंद झालं तरी पोटाला कळत न्हाई, त्ये मागतंच. एकदम तोडला की वर्सात पैलवानाचं भुसकाट हुतंय. भिंतीवरचं दोघं तसंच गेलं. दूध थोडं-थोडं कमी करायचं, म्हैन्या-म्हैन्यानं. शरीराला कळू न देता खाली आणायचं."

"किती दिवस?"

"वर्स लागतंय."

एसटी आली. मी बसलो. हुबळीला इडली खाल्ली, चांगली होती.

आता कोइमतूरला येऊन पंधरा दिवस झाले. भडंग दुकानात पहिल्या दिवशीच संपला. श्रीपती रोज विचारतो, "मग? थोरला पैलवान कोण?" मी सांगतो की उभ्यानं बघायचा असेल तर शिदगोंडा, आणि ज्याला बसून राहायचा धीर असेल त्यानं दादा बघायला हवा होता. आता बघता येणार नाही. ह्यावर तो भांडत नाही, त्यामुळं संध्याकाळी वेळ जात नाही.

ज्यांना चैत्रात जायचं आहे त्यांनी जावं. गुळासाठी कराडला उतरावं, पेढ्यांसाठी साताऱ्याला. उंब्रजच्या तालमीत शेवटच्या खिळ्यावर फोटो लागला का तेवढं बघून यावं. आणि मैदानात बसलात तर रस आधीच पिऊन घ्या.

आज सकाळी पोस्टात गेलो. कारकुनाला माझा आकडा पाठ आहे, त्यानं विचारायच्या आधीच साठ लिहिले. मी खोडायला लावले. वस्तादांनी सांगितल्याप्रमाणं दर महिन्याला पाच कमी. दादा परत पाठवायला बघेल, त्यासाठी कुपनावर लिहिलंय, "दूध एकदम तोडू नकोस." ह्या महिन्याला पाठवलेत रुपये पंचावन्न.