नऊवारीवरचा जांभळाचा डाग

कपाट आवरताना नऊवारीवरचा जांभळाचा डाग दिसला आणि हसूच आलं बाई. लहानपणी कुणी झाडावर चढू दिलं नाही, ती हौस साठीनंतर फिटणार होती. दोर, पट्टे, हेल्मेट सगळं तेच देतात असा झाडावर चढायला शिकवणारा वर्ग सुनेनं इथे राजधानीतल्या द्वारकेत शोधला होता. "आई, साडी चालत नाही हं तिथे," तिनं बजावलं. सलवार मी जन्मात घातली नव्हती, म्हणून कासोटा घट्ट खोचून नऊवारीतच गेले. शिकवणारी मुलगी म्हणाली, "आंटीजी, साड़ी में बेल्ट नहीं बंधेगी, आप नीचे बैठिए." "बांध के तो देखो बेटा, इसमें हमारी औरतें घोड़े पे बैठती थीं!" मांड्यांभोवती पट्टे चपखल बसले आणि मी थेट जांभळाच्या फांदीवर! "डाग काढून देऊ का, आई?" सून आत्ता विचारतेय. म्हटलं, खबरदार!