मेरियोनेथचे मतदार

आयर्लंडात राहून वेल्समधल्या एका मोडीत निघालेल्या मतदारसंघाला जीव लावणारा माणूस पृथ्वीतलावर एकच झाला असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामेभाऊ निघाला. हे आमचे दादा इथल्या राजधानीच्या सँट्री या उपनगरात राहायचे, औषधांच्या कारखान्यात इंजिनिअर होते. एकदा नावन या गावी पाऊस चुकवायला जुन्या पुस्तकांच्या दुकानात शिरले आणि मेरियोनेथ परगण्याच्या निवडणुकांचा जाडजूड इतिहास काखोटीला मारून बाहेर आले. तेव्हापासून गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद हातावर पडायच्या आत मेरियोनेथ सुरू. एका बारशाला तर, दोनदा हरून तिसऱ्यांदा निवडून आलेला तिथला उमेदवार त्यांनी इतका रंगवला, की आत्याबाई बाळाचं नावच विसरल्या.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात इथल्या स्थानिक निवडणुका आल्या. नागरिक नसलो तरी इथे राहणाऱ्या आपल्याला त्यात मत देता येतं, हे आमच्यात कुणाच्या गावी नव्हतं. दादांनी ते शोधून काढलं आणि घरोघर जाऊन नावनोंदणीचे अर्ज भरून घेतले. माझी बायको मात्र अडून बसली.

"नको रे दादा. वर्क परमिटवर आलोय आपण. उगाच कुणाच्या डोळ्यावर कशाला यायचं?"

दादा एरवी हातवारे करून बोलत. त्या दिवशी शांत बसून म्हणाले, "मेरियोनेथच्या कुळांना मत सगळ्यांदेखत, तोंडानं सांगावं लागायचं. जमीनदाराची माणसं ऐकत उभी. तरी काहींनी मनासारखं मत दिलं. त्यापायी घरंदारं सोडावी लागली गं त्यांना. तुला तर आडोसा मिळतोय, हातात पेन्सिल मिळतेय."

तिने सही केली.

मतदानाच्या दिवशी दादांनी गाडीच्या चार खेपा करून आम्हा चौदा जणांना ब्युमॉन्टच्या शाळेत पोचवलं. उमेदवारांना पसंतीचे आकडे कसे घालायचे, ते प्रत्येकाला पुन्हा समजावलं. बायको बाहेर आली ती ताठ मानेनं. "दिलं! आता तू जा."

"माझं नाव नाही यादीत," दादा म्हणाले. "तुमचे अर्ज देण्याच्या गडबडीत माझा स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्येच राहिला. काल डाळीचा डबा काढताना सापडला." कपाटाला प्रेस म्हणायला ते तोवर शिकले होते. आम्ही हसलो, तेही हसले. "ग्रँड!" इथले लोक 'ठीक आहे' म्हणतात तसं ते म्हणाले. "पुढच्या वेळी देईन."

पुढची वेळ यायच्या आत, दोन हजार सातमध्ये, आईच्या आजारपणामुळे ते कायमचे नागपूरला परतले. इतक्या वर्षांत व्हिसाच्या भानगडीत वेल्सला जाणं काही जमलं नव्हतं. पण लंडनचं विमान वेल्सवरून जातं, म्हणून त्यांनी खिडकीची जागा मागून घेतली.

घरी पोचल्यावर त्यांनी फोन केला. आईची तब्येत सांगितली, उकाडा सांगितला. मी विचारलं, "दादा, मेरियोनेथ दिसलं का?"

"ढग होते रे," ते म्हणाले. "पण पायलटला विचारलं मी. खाली तेच होतं."