पौर्णिमा गप्प बसली

पौर्णिमा माझी शाळेपासूनची मैत्रीण. मध्य प्रदेशात, बालाघाटातच राहते. तिचे वडील हेडकॉन्स्टेबल होते. ठाण्याची भाषा ती घरीच शिकली. आता किरनापूरकडच्या गावांत बचत गटांबरोबर काम करते. मार खाल्लेल्या बाईला ठाण्यात कसं न्यायचं, काय मागायचं, हे गटांना शिकवते.

आधी ती स्वतःच जायची, स्वतःच बोलायची. काम पटकन व्हायचं. मग एकदा ती तापाने पडली आणि त्याच आठवड्यात एक बाई ठाण्याच्या दारातून परत गेली. पौर्णिमाने तालमी सुरू केल्या. समाजमंदिरात वडिलांचं खाकी स्वेटर घालून ती मुंशी, म्हणजे ठाण्यात तक्रारी लिहून घेणारा हवालदार, व्हायची. पाय पसरून विचारायची, "क्या हुआ, बाई?" बाया हसून लोळायच्या. मग बोलायच्या.

गेल्या मंगळवारी पहिली खरी वेळ आली. मैनाबाईचा हात नवऱ्याने मोडला होता. गटाच्या बाया तिला तालुक्याच्या ठाण्यात घेऊन आल्या. पौर्णिमा आणि मी मागच्या बाकावर बसलो.

"मी तोंड उघडणार नाही," तिने बजावलं. "तूही नाही."

रपट, म्हणजे तक्रार, लिहिली गेली नाही, तर मैनाबाईला संध्याकाळी मुकाट त्याच घरी जायचं होतं.

गटाची अध्यक्ष सुनंदा. तिने सगळं नीट सांगितलं. डॉक्टरचा कागद पुढे केला. मुंशी लिहीत गेला.

"मारने वाले का नाम?"

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या.

पौर्णिमाने कपाळावर हात मारून घेतला. तालमीत ती म्हणायची, समजा नवऱ्याचं नाव हिरालाल. ते नाव सगळ्या बिनधास्त घ्यायच्या. पण खऱ्या नवऱ्याचं नाव मैनाबाई घेत नाही. बाकीच्यांचा तो नात्याने भासरा, थोरला दीर. त्याही घेत नाहीत. आणि ज्यावर त्याचं नाव होतं, ते मैनाबाईचं आधार कार्ड त्याने घरी दाबून ठेवलेलं.

"नाम नहीं, तो क्या लिखूँ?" मुंशीने पेन खाली ठेवलं.

"सांग न, मैना," सुनंदा कुजबुजली.

"तू घेतं का तुह्या बुढ्याचं नाव, इथं सायबापुढं?"

"माह्या बुढ्यानं हात मोडला का?"

नाव मला पौर्णिमाकडून कळलं होतं; ते माझ्या ओठांवर आलं. पौर्णिमाने माझा पाय दाबला. तिचा स्वतःचा चेहरा लाल झाला होता.

मग सुनंदा म्हणाली, "अवं, हळदीकुंकवात घेतं न? तसं घे."

मैनाबाईने चांगल्या हाताने डोक्यावर पदर ओढला. भिंतीकडे पाहत म्हणाली,

"वैनगंगेच्या पाण्यात डोंगा चाले हळू,
महागूरावानं हात मोडला, लिहा सायेब, नोका टाळू."



"महागू?" मुंशीने विचारलं.

"हौ. पुन्हा नाही घेनार," मैनाबाई म्हणाली.

मुंशीने हसू दाबत लिहिलं. "और उसके बाप का नाम?"

सासऱ्याचं नाव! बायांनी डोकी एकत्र केली.

"थांबा, सायेब," सुनंदा म्हणाली. "जुळवून राह्यलो."

पौर्णिमा उठून व्हरांड्यात गेली. मीही गेले. ती भिंतीला टेकून हसत होती आणि डोळे पुसत होती. आतून 'डोमाजी' ऐकू आलं, पाठोपाठ टाळ्या.

थोड्या वेळाने बाया रपटीची नक्कल घेऊन बाहेर आल्या. रपट झाली की मैनाबाईने सुनंदाच्या घरी राहायचं, हे त्यांचं आधीच ठरलं होतं. बस लागली होती. घाईत त्या आम्हाला 'येतो' म्हणायचंही विसरल्या.